डिंकाचा लाडू आणि अदृश्य अंगठी

आज सकाळी आत तुपात डिंक फुलला, वास ओसरीवर आला आणि माझा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला.

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा, नागपुराहून बी.ए. होऊन, मी संग्रामपूरला मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील शाळामास्तर आणि ग्रीक तत्त्वज्ञानाचे वेडे. माझ्यापुढे डिंकाच्या लाडवांचं ताट ठेवून ते पाणी आणायला आत गेले. मी एक लाडू खाल्ला आणि एक खिशात टाकला. लाडू कोमट होता. तूप अस्तरातून थेट मांडीपर्यंत पोचलं.

मास्तर परतले. "ग्रीक लोकाइची एक गोष्ट आहे. एका मेंढपाळाले अंगठी सापडली. घातली का माणूस कोणालेच दिसत नाही. तुम्हाले सापडली त काय करसान?"

स्थळ हातचं जाऊ नये म्हणून मी छातीवर हात ठेवला. "कुणी बघो न बघो, मी आत्ता इथे वागलो तसाच वागेन!"

दाराआड बांगड्या वाजल्या. "हाव बाबा, खरं सांगून राह्यले! आताच एक लाडू खिशात घातला."

मास्तरांनी शांतपणे तंबाखू मळली. "पोरी, ग्रीक म्हणत, माणूस वाईट वागते ते अज्ञानापायी. ह्या बिचाऱ्याले दाराची फट माहीतच नव्हती!"

तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज वाटतं, ती अंगठी तिच्याच बोटात होती. तिनं मला पुरतं पाहिलं, आणि तरी हो म्हणाली.

"अहो," आत्ताच आतून आवाज आला, "खिशातला हात बाहेर काढा!"