दूध न पिणारा दूधवाला

कडावहून आमच्याकडे कर्जतला एक दूधवाला यायचा, एक पाय ओढत. दूध पातळ तर नाही ना, हे मी रोज बोट बुडवून बघायचो. चहा विचारला की तो म्हणायचा, "कोरा द्या."

एकदा मी खवचटपणे विचारलं, "स्वतःचं दूध पीत नाही, पाणी घालता की काय?"

"मुंबईचा डाक्टर म्हनतो, मेंदूतल्या, पाठीतल्या नसांना सूज हाय. दूध-तूप सोडून बघ, गुण येईल नायतर नाय."

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. सूज कुठेच नव्हती.

"तिथं नाय दिसायची," तो म्हणाला. "पाय माझं ऐकत नायत. जीभ तरी ऐकते."

दुसऱ्या दिवसापासून मी दुधात बोट बुडवणं सोडलं.