स्ट्रेचरवर झोपवणारी आक्का

युद्ध व्हायलाच पाहिजे, असं आमच्या शेडमध्ये जो सगळ्यांत मोठ्याने म्हणेल, त्याला आक्का स्ट्रेचरवर झोपवायची. गंमत म्हणून नव्हे, तो कामाचाच भाग होता. डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या त्या लहानशा कारखान्यात तंबू, ताडपत्र्या आणि स्ट्रेचरचं कॅनव्हास शिवलं जाई. दर खेपेतली दोन-चार स्ट्रेचरं दांडे घालून, वर माणूस झोपवून उचलून बघायची, म्हणजे शिवण कुठे उसवते ते कळतं. माणूस निवडायचा मान आक्काचा. "ये रं हिकडं. आवाज लई मोठा हाय तुजा, वजन किती हाय बगू," असं म्हणून ती भल्याभल्यांना आडवं करी.

पहिलं स्ट्रेचर मात्र ती स्वतःवर तपासायची. चपला काढायची, पदर खोचून आडवी व्हायची, डोळे मिटायची. दोघी जणी तिला उचलून चार पावलं चालल्या की "चालंल" म्हणून उठायची आणि पुन्हा कटिंगच्या टेबलाशी. साताऱ्याकडची बाई, लग्न होऊन ठाकुर्लीला आलेली. मी सुपरवायझर होण्याआधीपासून तिच्या हातात ती काळी कातर होती. मी तिला कधीच माझं वजन घेऊ दिलं नाही. "आक्का, पाठ दुखतेय," हे माझं ठरलेलं उत्तर.

त्या वर्षी काम जवळजवळ संपलं होतं. आठवड्यातून तीन दिवस मशिनं चालायची, आणि मालक शेड विकायच्या गोष्टी बोलू लागला होता. मग सीमेवर तणाव वाढला, गोळीबार सुरू झाला, चॅनेलवाले ओरडायला लागले आणि आमचा फोन वाजला. तंबू हवेत, स्ट्रेचरं हवीत, सगळं लवकर हवं. ओव्हरटाइम सुरू झाला. शेडवर झेंडा लागला. आमचं सगळ्यांचं रक्त नेमकं त्याच आठवड्यात उसळलं, याचं तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. मला तर नाहीच.

समोरच्या रंगांच्या कारखान्यातले लोक चहाच्या टपरीवर भेटत. त्यांचा माल आखातात जायचा आणि तो या तणावामुळे बंदरात अडकून पडला होता. साहजिकच ते शांततेच्या गोष्टी करत. एकदा मी त्यांना सरळ भेकड म्हणालो. हातघाईवर यायचं बाकी होतं. आक्का बशीतला चहा फुंकत ऐकत होती.

"तुमचं भांडान देशाचं न्हाय रं," ती म्हणाली. "तुज्या मालाला गिऱ्हाईक आलंय आन त्यांचा अडकलाय. मालाची अदलाबदल करा, मतंबी बदलत्याल."

चारचौघांत असं म्हटल्यावर माझा तोल गेला. "आणि तुझ्या गावचं काय, आक्का? घरटी एक पोरगा सैन्यात. पगारासाठीच ना?"

"व्हय की. निम्मं गाव त्याच पगारावर बांधलंय. भरती झाली की आमी पेढं वाटतो. पर लढाईची बातमी लागली का समदं गाव टीव्हीचा आवाज बारीक करतंय." तिने बशी खाली ठेवली. "आन ओव्हरटाइम मलाबी पायजेच. म्हनून मी गप ऱ्हाते. वरडत न्हाय."

मला अजून चीड येते ती याचीच. एवढं साधं वाक्य आमच्यातल्या एकालाही जमलं नाही. आम्हाला काम हवं होतं, तर काम हवं म्हणायचं होतं. आम्ही देश म्हणत राहिलो, आणि शिकलेले असूनही स्वतःचं ते बोलणं स्वतःच खरं मानत राहिलो.

थोड्याच दिवसांत गोळीबार थांबला. शेडमध्ये मोबाइलवर बातमी आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "एवढ्यात थांबले?" तो कुणीतरी मीच होतो. आक्काची कातर कापडात थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कापायला लागली.

ऑर्डर अर्ध्यावर आली. मालक म्हणाला, माणसं कमी कर, जुन्यांपासून सुरुवात कर. जुन्यात पहिली आक्का. सांगायला मलाच जावं लागलं. "आक्का, माझ्या हातात काही नव्हतं," असं काहीबाही मी बोललो. तिने कातर फडक्यात गुंडाळली, पिशवीत टाकली आणि कोपऱ्यातल्या स्ट्रेचरकडे बोट केलं.

"ह्ये तपासायचं ऱ्हायलंय. झोप."

या वेळी पाठ दुखते म्हणायची हिंमत झाली नाही. मी बूट काढून आडवा झालो. आक्काने डोक्याकडचे दांडे धरले, पायाकडचे शिलाईवाल्या बाईने. जमीन सुटली. वर पत्र्याचं छप्पर हलत होतं, नाकात नव्या कॅनव्हासचा वास होता. असल्या कापडावर पुढे कोण झोपतं, हा विचार इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनात आला. चार पावलं चालून त्यांनी मला अलगद खाली ठेवलं. मी तसाच पडून राहिलो.

आक्काने वाकून शिवणीवरून बोट फिरवलं. "शिवन चांगली हाय," ती म्हणाली आणि पिशवी उचलली. "ऊठ आता. तुला उठता येतंय."