खुर्चीवर बसा, बाई

"करून दाखवा ना मॅडम. एवढं लाजता काय?"

यवतमाळचा हॉल. प्रशिक्षण चालू. फळ्यावर सरांनी लिहिलेलं, समुपदेशन आणि संस्कृती. सर मोठ्या शहरातून आलेले. बंजारा तांड्यातली मी एकटीच. आमच्यात मयत झाली की बायका गळ्यात पडून गाऊन रडतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आता त्यांना ते बघायचं होतं.

मी म्हटलं, असं उगीच रडता येत नाही सर.

"अहो, दोन ओळी फक्त. सगळ्यांना कळू दे."

मी उभी राहिले. समोर मोबाईल वर झाले. माझी याडी, म्हणजे आई, त्याच वर्षी गेली होती. पहिला सूर लावला आणि ती डोळ्यांपुढे आली. मग मला थांबता आलं नाही. खरंच रडले मी त्या हॉलमध्ये. तिचं नाव घेऊन.

थांबले तेव्हा टाळ्या वाजल्या.

सर म्हणाले, "बघा, किती समृद्ध आहे यांचं! पण थेरपीत याचा उपयोग नाही. हे भावनांचं प्रदर्शन आहे. पेशंटला यातून बाहेर काढायचं, खुर्चीवर बसवायचं, बोलतं करायचं."

चहाच्या वेळी मागून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, वन्स मोर!"

मी हसले. हे सांगायला जड जातं. रडले त्यापेक्षा त्या हसण्याची लाज जास्त वाटते.

कापसाची ती वाईट वर्षं. गावोगाव माणसं जीव देत होती, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशनाची खोली निघाली. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर सूर्यफुलाचं चित्र. मला तिथं बसवलं. माझं आडनाव मराठ्यांतही चालतं. मी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले, हातावरचं गोंदण दिसू नये म्हणून. गोरबोली, आमची बंजारा बोली, फक्त उमरखेडकडच्या आमच्या तांड्यात, घरात. दवाखान्यात शुद्ध मराठी. कोणी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही.

मग रुकमी आली.

तिचा नवरा फवारणीत गेला होता. शेत पाटलाचं, पंप पाटलाचा, पाठ याची. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती. मारलेलं औषध तोंडावरच येत होतं. संध्याकाळी उलट्या, डोळ्यांना दिसेना, आणि दवाखान्यात आणेस्तोवर सगळं आटोपलं. नवरा गेल्यापासून ही बोलत नाही, म्हणून तिच्या तांड्यातल्या आशाताईनं तिला माझ्याकडे धाडलं होतं.

ती दारात उभी राहिली. मी पंख्याचं बटण दाबायला हात वर केला आणि बाही मागे सरकली. तिनं गोंदण पाहिलं. तिचा चेहराच बदलला.

"तू गोर छी कांई?" आपल्यातली आहेस का, असं विचारत ती दोन्ही हात पसरून पुढे आली. ओढणी डोक्यावरून पुढे ओढलेली. गळ्यात पडायला.

ज्याला माहीत नाही त्याला सांगते. आमच्यात दुःख असं खुर्चीवर बसून सांगत नाहीत. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात. एक सुरात रडते, रडता रडता सगळं सांगते. कोण गेलं, कसं गेलं, कोणी छळलं. सासूचं गाऱ्हाणं सासूच्या समोर. ते कोणी मनात धरत नाही. ती थांबली की दुसरी सुरू करते. मग तोंड धुतात, पाणी पितात आणि साधं बोलायला लागतात. आधी रडणं. मग बोलणं. हे मला याडीनं शिकवलेलं. सरांनी नाही.

दार उघडं होतं. बाहेर रांग. मला त्या टाळ्या ऐकू आल्या.

मी हात आडवा धरला. तिच्या छातीला लागला तो.

"खुर्चीवर बसा, बाई. मराठीत बोला."

ती बसली. खुर्चीच्या अगदी कडेवर.

"झोप लागते?"

"लागते."

"जेवण?"

"जाते."

"मनात काही वाईट विचार येतात?"

"नाई."

उठताना तिनं मला निरखून पाहिलं. म्हणाली, "तुमच्या घरी कोनी मेलंच नाई का वो, बाई?"

मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पोळ्याच्या आधी तिला परत आणलं. तणनाशक घेतलं होतं. त्या औषधाचं मला माहीत होतं. माणूस आधी बोलतं, उठून बसतं, चहा मागतं. घरच्यांना वाटतं, वाचलं. आत मात्र फुप्फुसं सुकत जातात. रुकमी पलंगावर बसलेली होती. तिचा दीर बाहेर सगळ्यांना सांगत होता, "आता टकाटक हाय."

मी तिच्याजवळ गेले. या वेळी मीच वाकले आणि तिच्या गळ्यात हात टाकले. तिनं तोंड उघडलं, पण सूर निघाला नाही. घसा जळला होता. नुसती हवा.

मग मी रडले. तिच्या वाटचं मी रडले. तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन, पाटलाचं नाव घेऊन, आडव्या धरलेल्या माझ्या हाताचं नाव घेऊन. अख्खा वॉर्ड बघत होता. बेबीबाई, आमची आया, धावत आली. "मॅडम, काहून गळा काढून राह्यल्या वो? मोठे डॉक्टर येतीन ना! तुमची नातलग हाय का हे?"

"हो," मी म्हटलं. पहिल्यांदा.

रुकमी माझ्या कानाशी लागली. गोरबोलीत, कुजबुजत, तुटक तुटक. तिचं बोलणं मराठीत असं: पंप परत घरात आला आहे. दीरानं खुंटीला टांगला. पट्ट्याला अजून माझ्या नवऱ्याच्या घामाचा वास येतो. दीर म्हणतो, यंदा तुझी छोरी फवारेल, तिची पाठ मजबूत आहे. छोरीला माझ्या भावाकडे नेर्‍याला पोचव.

एवढंच सांगायला ती त्या दिवशी माझ्या खोलीत आली होती.

ती गेली. आता चौकशी लागली आहे. समुपदेशन होऊनही बाई कशी मेली? प्रशिक्षणातले तेच सर फोनवर आले. "घाबरू नका मॅडम. जबाबात एवढंच सांगा, पेशंटनं सहकार्य केलं नाही. भाषेची अडचण आली. विषय संपला."

मी म्हटलं, "भाषेची अडचण नव्हती सर. माझीच भाषा होती ती."

"भावनिक होऊ नका. नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

त्यांनी फोन ठेवला. दुपारी वरून माणूस येऊन खोलीची किल्ली घेऊन गेला. बेबीबाई म्हणाली, "कायले नडता मॅडम मोठ्या मानसाशी?"

जबाब मी देणार. गोरबोलीत. दुभाष्या त्यांनी शोधावा. तिनं सहकार्य केलं होतं. हात पसरून केलं होतं. नाही म्हणणारी मी होते, हे लिहून घ्यावंच लागेल त्यांना.

पण जबाब नंतर. छोरी अजून त्याच घरात आहे. पंप त्याच खुंटीला. आभाळ उघडलं आहे, पाटलाचा माणूस औषधाचे डबे उतरवून गेला म्हणतात.

उद्या सकाळी मी रुकमीच्या तांड्यात जाते आहे. तिच्या भावाला निरोप दिला आहे, तो नेर्‍याहून परस्पर येतो. दीरानं दार लावलं तर दारात बसेन. ओढणी पुढे ओढून सूर लावेन. त्याचं नाव घेईन, पाटलाचं घेईन, सरांचं घेईन, माझंही घेईन. घराघरातून बायका बाहेर येतील, त्यांना यावंच लागतं. आमच्यात रडणाऱ्या बाईला कोणी उठवत नाही.

छोरी बाहेर आल्याशिवाय मी थांबणार नाही.