थोरल्या हाताचं माप

बाबालालचाचा बांगड्या भरताना डोळे मिटून घेत. समोर बसलेल्या बाईचा पंजा दोन्ही हातांत धरायचे, अंगठ्याखालचं हाड चाचपायचे आणि डोळे मिटायचे. मग काच हातावरून अशी सरकत जायची की बाईला वाटावं, पाणीच ओघळतंय. मंगळवार पेठेत आमच्या घरासमोरच त्यांचं दुकान. दुपारी ऊन आत शिरलं की भिंतीवरच्या बांगड्यांचे हिरवे-लाल डाग त्यांच्या पांढऱ्या दाढीवर हलत राहायचे. अजूनही डोळा लागता लागता मला आधी ती दाढी दिसते, मग चाचा.

डोळे का मिटता, असं कुणी विचारलं की सांगत, "माझ्या पणजोबाकडं भर दुपारी एक बाई आली. दोन हात भरलं, तर तिसरा पुढं आला. चौथ्याला पणजानं डोळं मिटलं. अंबाबाईच ती! तवापासनं आमच्यात कुणी डोळं उघडं ठेवत न्हाय." पुढच्या वर्षी त्याच प्रश्नाला दुसरंच उत्तर मिळे: परक्या बाईचा हात धरायचा, तर नजर तरी आवरावी. ही तफावत मी एकदा दाखवली, तेव्हा हसले. "गोष्ट बदलली म्हणून बांगडी बदलती व्हय रं?"

शब्दांच्या बाबतीत मात्र ते कडक. बांगडी 'फुटली' असं त्यांच्या दुकानात कुणी म्हणायचं नाही, ती 'वाढली'. दिवा विझवायचा नाही, दुकान बंद करायचं नाही; तेही वाढवायचं. "वंगाळ नाव घेतलं की ते वळून बघतंय," म्हणायचे. "चांगलं नाव दिलं की लाजून निघून जातंय."

माझे वडील गेले त्या दिवशी बायकांनी आईच्या बांगड्या वाढवल्या. मी दारात उभा राहून बघत होतो. त्यानंतर आई दुकानासमोरून जाताना हात पदराखाली घेई, आणि नेमके तेव्हाच चाचा काहीतरी शोधायला आत वळत.

माझ्या मुलीचं, सईचं लग्न ठरलं. चुडा भरायला चाचा घरी आले. तोवर बरेच थकले होते, पायऱ्या चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. हॉलमध्ये बायकांचा गोतावळा जमलेला. आई स्वयंपाकघरात रवा भाजत होती. तो केव्हाच भाजून झाला होता, तरी तिचा उलथन्याचा हात थांबत नव्हता. आजीलाही भरा, असं सई म्हणाली तर माझ्या आत्यानं तिला गप्प केलं. लगीनघरात असलं काही काढू नये, बाळ. सईनं माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल काढला आणि मांडववाल्याशी खुर्च्यांचं बोलू लागलो. ती नजर मला अजून चुकवता आलेली नाही.

चाचांनी सईचा हात धरला, डोळे मिटले, आणि परत उघडले. "थोरला हात कुठं हाय?"

कुणाला काही कळेना.

"पयली काकणं घरातल्या थोरल्या हातात भरायची. माप घ्यायला. मग नवरीला."

आत्या म्हणाली, असलं आम्ही कधी ऐकलं नाही.

"तुमच्यात विसरलं आसतील, बाईसाब." मग त्यांनी पन्हाळ्याकडच्या एका नवरीची गोष्ट सांगितली. तिच्या हातात काच टिकेना, एका म्हातारीच्या हातात आधी भरली तेव्हाच टिकली. नवरीच्या शालूचा रंगसुद्धा सांगितला. त्यांच्या सगळ्या गोष्टी ऐकत मी वाढलो होतो. ही त्यांत नव्हती.

आत्याला नाही म्हणवेना. नवरीच्या काकणांशी कोण खेळणार? आई हात पुसत बाहेर आली, मान खाली घालून बसली. चाचांनी पिशवीतून वेगळी पुडी काढली. सईचा पंजा आजीच्या पंजापेक्षा मोठा. पुडीतल्या बांगड्या मात्र आईच्या हाताला बेतून आणल्यासारख्या बसल्या. माप कसलं घेत होते ते मला तेव्हा कळलं.

"झालं माप," आई पुटपुटली. "काढा आता."

"लगीनघरात भरलेली काकणं काढत न्हाईत आक्का," चाचा म्हणाले. "काय बाईसाब?"

आत्यानं हळूच मान डोलावली. आई हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मधूनच मनगट जरासं हलवायची आणि ऐकायची.

चाचा घरी जायला निघाले. रिक्षापर्यंत सोडायला गेलो तेव्हा विचारलं, "चाचा, खरंच असा रिवाज आहे?"

"आता हाय की."

आईला भरा, हे बोलायचं काम माझं होतं. मी रिक्षाचा पडदा सारून दिला. त्याच वर्षी थंडीत चाचा गेले. मी मातीला गेलो होतो.

गेल्या महिन्यात आत्याच्या नातीचा चुडा होता. बांगड्या भरायला आलेला नवा मणेर नवरीचा हात धरणार, तोच आत्यानं त्याला थांबवलं. तिची विधवा थोरली जाऊ आतल्या खोलीत होती. तिला हाताला धरून आणून बसवलं. कबनूरहून आलेली एक पाहुणी म्हणाली, "आमच्यात न्हाय बघा असलं. जुनं हाय व्हय हे?" आत्यानं पन्हाळ्याची नवरी सांगितली, वर पदरची एक बैलगाडीही घातली. तरी पाहुणीचा विश्वास बसेना, तेव्हा आत्या माझ्याकडे वळली. "ह्याला विचारा."

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. जावेनं हात मागे घ्यायला सुरुवात केली होती.

मी म्हणालो, "आमच्यात पहिल्यापासून आहे."