आशालतानं उघडलेली बाटली

बेलपाड्याच्या आशालता ठाकूरनं एक अट घालूनच ती नोकरी धरली होती. स्वयंपाक करीन, पाहुण्यांच्या खोल्या आवरीन, पण दारूच्या बाटलीला हात लावणार नाही.

कारण सगळ्यांना माहीत होतं. तिचा नवरा धनेश दारूनं गेला होता. शेवटी शेवटी त्याचं पोट पाण्यानं फुगलं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले, तरी त्याचा हात उशीखाली बाटली चाचपत राही. त्याला पोचवून माणसं परत आली, तेव्हा आशालतानं आपल्या लहानग्या लेकीच्या, मनस्वीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की दारूचा थेंबही आपल्या ओठाला लागणार नाही. सासू सोनाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं ऐकलं आणि मान खाली घातली.

गेस्ट हाऊस एका केमिकल कंपनीचं होतं, पनवेलच्या बाहेर, तळोज्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. तिथले व्यवस्थापक अविनाश कर्णिक सरळ माणूस. त्यांनी अट मान्य केली. बाटल्या, ग्लास, बर्फ हे सगळं तिथला गडी तुळशीराम बघायचा.

१९९४ सालच्या हिवाळ्यात कंपनीकडे स्पेनहून एक पाहुणा यायचा होता. मार्ती नावाचे वयस्कर इंजिनियर. दुसऱ्या दिवशी करारावर सह्या व्हायच्या होत्या. मुंबईच्या एजंटनं त्यांच्यासाठी त्यांच्याच मुलखातल्या वाइनच्या तीन बाटल्या पाठवल्या होत्या.

"शॅम्पेनसारखीच बुडबुड्यांची, पण स्पेनची. काव्हा म्हणतात," कर्णिक स्वयंपाकघरात येऊन म्हणाले. "दोन ब्रूट आहेत, म्हणजे अगदी कोरड्या, गोडवा नसलेल्या. एक गोड आहे. गोड त्यांना द्यायची नाही, साखरेचा आजार आहे त्यांना. तुम्ही बरोबर काय करताय?"

"मांदेली तळते. तांदळाच्या पिठात."

"उत्तम. खारट, कुरकुरीत असंच काहीतरी लागतं हिच्याबरोबर."

एवढं बोलणं होतंय तोच जेवणघरात बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला, आणि पाठोपाठ तुळशीरामची किंकाळी.

बाटल्या जीपमधून खड्डे खात आल्या होत्या, उन्हानं तापलेल्या. तुळशीरामनं त्या गार करण्याआधीच, एकीचं बूच कसं आहे ते पाहायला, तिच्यावर वाकून बुचाला आवळलेली तार सोडली होती. बूच त्याच्या भुवईवर बसलं. फरशीभर फेस झाला होता आणि तो तोंड धरून खाली बसला होता. बोटांमधून रक्त येत होतं. आशालतानं पदरानंच ते दाबून धरलं. तिचं लुगडं गुडघ्यांपर्यंत वाइननं भिजलं.

"मला दिसत नाय," तुळशीराम एवढंच म्हणत होता.

गाडी आणि ड्रायव्हर विमानतळावर गेले होते. जीप कर्णिकांनाच चालवावी लागणार होती. त्यांनी तुळशीरामला धरून बसवलं आणि इंजिन चालू ठेवून ते परत आत आले.

"आशालताबाई, मी तुम्हाला हे सांगू नये," ते म्हणाले. "पाहुणे पोचतीलच. आल्या आल्या त्यांना ही द्यायची, असं वरून सांगितलंय. तुम्हाला नको असेल तर देऊ नका. मी काय ते निस्तरेन."

तिनं जीपकडे पाहिलं. तुळशीरामची मान छातीवर पडली होती.

"तुमी त्याचा डोला बघा," ती म्हणाली. "कशी उघडायची ते सांगून जा."

कर्णिकांनी घाईघाईनं सांगितलं. बर्फात पाणी आणि मूठभर मीठ टाका, लवकर गार होईल. हलवू नका. तार सोडायच्या आधीपासून अंगठा बुचावर दाबून ठेवा, तोंड माणसांपासून दूर. बूच फिरवायचं नाही, ते घट्ट धरायचं आणि बाटली फिरवायची. आवाज होता कामा नये, नुसता सुस्कारा यायला हवा. "आणि जिच्यावर ब्रूट लिहिलंय ती," असं म्हणून ते निघून गेले.

आशालतानं फरशी पुसली. उरलेल्या दोन्ही बाटल्या एकाच बादलीत उभ्या केल्या, बर्फ, पाणी, मीठ टाकलं. इंग्रजी अक्षरं तिला जुळवता येत होती. मग ती मांदेलीकडे वळली. कढईत तेल तापत होतं, कान मात्र रस्त्याकडे होते.

फाटकाशी हॉर्न वाजला तेव्हा तिनं बादलीत हात घातला. दोन्ही बाटल्या उघड्याबोडक्या होत्या. लेबलं सुटून बर्फात तरंगत होती. एकावर ब्रूट होतं, दुसऱ्यावर दुसरंच काही. बाटल्या सारख्याच, सोनेरी कागदही सारखाच.

चाखल्याशिवाय कळणार नव्हतं. एक उघडून बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, कुणी पाहणार नव्हतं. तिला मनस्वीच्या डोक्याचे मऊ केस हाताखाली आठवले. ती तशीच उभी राहिली. बाहेर गाडीची दारं लागल्याचा आवाज आला.

तिनं दोन्ही लेबलं एका बशीत ठेवली, बादली उचलली आणि ती बाहेर गेली.

मार्ती उंच, वाकलेले, प्रवासानं थकलेले होते. त्यांच्याबरोबर कादंबरी शिरोडकर नावाची मुलगी होती. तिला स्पॅनिश येत होतं, म्हणून कंपनीनं तिला दुभाषी म्हणून बोलावलं होतं.

"ताई, यांना सांगा," आशालता म्हणाली, "कागद सुटले. कोरडी कोनती, गोड कोनती, मला ठाऊक नाय. मी उघडते. त्यांनी आधी थोडी चाखून बघावी."

कादंबरी गोंधळली. "कर्णिक साहेब कुठे आहेत?"

"दवाखान्यात. आमच्या मानसाला बूच लागलं."

हे ऐकल्यावर कादंबरी खुर्ची घेऊन मागे सरकली. तिनं मार्तींना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी बशीतली लेबलं पाहिली आणि बाटलीकडे बोट केलं.

आशालतानं बाटलीवर फडकं टाकलं. तार सोडली. अंगठ्याखाली बूच जिवंत असल्यासारखं वर ढकलत होतं. तिनं दात आवळले आणि बाटली हळूहळू फिरवली. मनगट दुखायला लागलं. मग एकदम हाताला सैल लागलं आणि बाटलीनं बारीकसा सुस्कारा टाकला.

तिनं उंच ग्लासात घोटभर ओतली. मार्तींनी ओठ लावले, ग्लास खाली ठेवला आणि मान हलवली.

"गोड आहे," कादंबरी म्हणाली.

आशालतानं दुसरी बाटली घेतली. ही गेली तर तिसरी नव्हती. बूच हलेना. तिनं बाटली पोटाशी धरली, चेहरा बाजूला वळवला आणि जोर लावला. ते सुटलं, थोडा फेस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, पण बूच मुठीतच राहिलं.

मार्तींनी चाखलं आणि डोळे मिटले. मग कादंबरीला काहीतरी म्हणाले.

"हीच," कादंबरीनं सांगितलं. "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून आभार मानतायत. तुम्हीही एक ग्लास घ्यावा म्हणतायत. घ्या ना थोडीशी, त्यांचा मान म्हणून."

मार्तींनी स्वतः तिसरा ग्लास पुढे सरकवला होता.

"त्यांना सांगा, माझा नवरा दारूनं गेला," आशालता म्हणाली. "आज मी वाढली. पन मी घेनार नाय."

कादंबरीला ते स्पॅनिशमध्ये सांगायला वेळ लागला. मार्तींनी तो ग्लास उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. नंतर ते बराच वेळ मांदेली खात राहिले, काटे नीट बाजूला काढत. अधूनमधून एक घोट घेत. जेवण संपवून ते उठले आणि हात जोडून झोपायच्या खोलीकडे गेले.

टेबलावर त्यांचा ग्लास अर्धा भरलेला होता.

आशालता त्या ग्लासाकडे पाहत राहिली. माणूस असा उठून जाऊ शकतो, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिला बरं वाटलं नाही, राग आला. धनेशवर की या म्हाताऱ्यावर, तिलाच कळेना. तिनं ग्लास मोरीत ओतला आणि जोरजोरात घासला.

कर्णिक परतले ते सुटकेचा श्वास सोडतच. तुळशीरामचा डोळा वाचला होता, भुवईला टाके पडले होते.

"साहेब, माझी अट तशीच ऱ्हाऊ द्या," आशालता म्हणाली.

"तशीच राहील," ते म्हणाले, आणि त्यांनी तिला जीपनं घरी सोडलं. तो करार दुसऱ्या दिवशी झाला खरा, पण पुढे वर्षभरात कंपनीनंच तो मोडला.

घरी मनस्वी झोपली होती. सोनाबाई जागी होती. सून दारात येताच ती ताठ बसली.

"आशे, तुझ्या लुगड्याला वास येतो."

"मी नाय पेली, आये." आशालतानं खाली बसून सगळं सांगितलं: तुळशीरामचं रक्त, सुटलेले कागद, बाटल्या, टेबलावरचा ग्लास.

सगळं ऐकून झाल्यावर सोनाबाईनं विचारलं, "अर्धी ठेवून उठला?"

"हां."

"बाटलीत व्हती तरी?"

"व्हती."

सोनाबाईनं पदर डोळ्यांना लावला, मग उठून चुलीपाशी गेली आणि सुनेसाठी भात वाढू लागली.

"लुगडं बदल आधी," ती म्हणाली. "पोरीला वास नको."