पडद्याच्या उलट्या बाजूनं

आमच्या वसाहतीत फुकट सिनेमा असला की आम्ही पोरी पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो. पुढची जागा मोठ्यांनी संध्याकाळपासूनच सतरंज्या टाकून धरून ठेवलेली असे. मागून बघताना सगळी माणसं डावखुरी दिसत आणि अक्षरं उलटी. चिंचवडला तेव्हा आम्हाला करमणूक ती एवढीच, त्यामुळे आमची काही तक्रार नसे.

माझ्याबरोबर शेजारची ताई असायची. ती माझी सख्खी ताई नव्हे आणि शेजारच्या काकूंची पोटची मुलगीही नव्हे. काका-काकू मराठवाड्यातून कामासाठी इकडे आलेले. काकांच्या चुलतभावाची ही मुलगी आईबापांविना उरली, तेव्हा काकू तिला घेऊन आल्या. सातवीत तिची शाळा सुटली. काकूंच्या तीन पोरांचं न्हाणं-खाणं, नळावरचं पाणी, काकांचा डबा, सगळं तिच्याकडे. काकू वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीही त्यांना शिव्या देईल. दिवाळीला त्या तिला कपडे नवेच घेत. फक्त कुणी विचारलं तर म्हणत, "ही आमच्याकडं असती." माझी आई माझी ओळख अशी करून देत नसे, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या वर्षी सरकारी गाडीनं आणलेला सिनेमा एका पोरक्या मुलीचा होता. मामाकडे वाढलेली मुलगी; एक गोडबोल्या इसम तिला लग्नाच्या नावाखाली शहरात नेतो आणि विकतो. त्या इसमाला सोन्याचा दात होता, गळ्यात रेशमी रुमाल, ओठांत सिगारेट. तो दिसला रे दिसला की पुढच्या बायका कडाकडा बोटं मोडायच्या. काकू तर पदर डोळ्यांना लावून हमसून हमसून रडल्या. शेवटी पडदाभर मोठी अक्षरं आली. ती वाचायची गरज पुढच्या कुणाला वाटली नाही, सतरंज्या झटकायला सुरुवातही झाली होती. मागे ताई मात्र उलट्या अक्षरांवर हवेतल्या हवेत बोट फिरवत एकेक शब्द लावत बसली. संशय आला तर गप्प राहू नका, कुणाला तरी सांगा, असं काहीसं होतं. वाचून झाल्यावर ती मला म्हणाली, "त्या पोरीला सांगायला कुणीच नव्हतं का गं?"

सोन्याचा दात असलेला माणूस आमच्या वसाहतीत आला असता तर बायकांनी त्याला लाटण्यानं बडवला असता. आला तो निळ्या युनिफॉर्ममधला.

आमच्याकडे तेव्हा लग्नाच्या मुलाबद्दल एकच प्रश्न विचारत: पर्मनंट आहे का? कूळ, गाव, शेती, स्वभाव हे सगळं त्याच्या मागून. कंपनीचा निळा डगला आणि खिशावर नंबराचा पितळी बिल्ला दिसला की पुढचे प्रश्न लोकांच्या तोंडातच विरघळत. हा मुलगा बिल्ला लावूनच बघायला आला. शिफ्टवरून थेट आलोय म्हणाला. बरोबर एक मावशी होती. तो काकांच्या पाया पडला, माझ्या वडिलांच्याही पडला. मोठ्यांनी कप उचलेपर्यंत त्यानं चहाला हात लावला नाही. मावशी म्हणाली, आम्हाला हुंडा नको, मानपान नको, मुलगी आणि नारळ द्या. कंपनीनं गुजरातेत काम काढलंय, त्याची तिकडे बदली झालीय, तेव्हा आठवड्याभरात आळंदीला लग्न उरकून टाकू. पर्मनंट मुलगा आणि वर हुंडा नाही, म्हणजे सोन्याहून पिवळं. काकूंनी तिथल्या तिथे साखर वाटली.

माझे वडील त्याच कंपनीच्या टाइम ऑफिसात कारकून होते. कामगारांची हजेरीची कार्डं त्यांच्याच ताब्यात. मुलगा म्हणाला, मी भोसरीच्या नव्या प्लँटला असतो, म्हणून तुम्ही मला पाहिलं नसेल. वडिलांनी मान डोलावली. नव्या प्लँटची यादी त्यांच्याच टेबलावर येत होती.

दुसऱ्या दिवशी नळावर ताईनं मला बाजूला घेतलं. पोह्यांची ताटली पुढे करताना तिनं बिल्ल्यावरचा आकडा वाचून ठेवला होता. एक्केचाळीस त्र्याहत्तर.

"तुझ्या बाबांना एवढा नंबर बघायला सांगशील?"

"का गं? आवडला नाही का?" मी चिडवलं.

ती हसली नाही. "त्याच्या हातांना काळं न्हाई. काकांचे हात बघ, साबणानं घासले तरी नखात काळं ऱ्हातंच. ह्यो शिफ्टवरनं आला म्हणतोय." मग हंडा नळाखाली सरकवत म्हणाली, "मी काकूला कसं सांगू? तिनं एवढं केलंय माझ्यासाठी."

मी आकडा भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. वडिलांशी थेट बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती, म्हणून आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. "लोकांच्या घरात नाक खुपसू नये," ती म्हणाली. "उद्या जमलेलं मोडलं तर आपल्या नावानं खडे फोडतील. ते बघतील ना त्यांचं ते." मला तेवढं निमित्त पुरलं. खरं सांगायचं तर मला साडीचं वेड लागलं होतं. आळंदीला जायला आई मला पहिल्यांदा साडी नेसवणार होती, आणि ते लग्न मोडायला नको होतं. पंधरा वर्षांची होते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. काही उपयोग होत नाही.

दोन दिवसांनी ताईनं विचारलं, "बघितला का?"

मी म्हणाले, "हो. आहे."

का म्हणाले, ते मला आजही धड सांगता येत नाही. आईनं सांगितलं म्हणून गप्प बसले, इथवर ठीक. पण हे तर मी माझ्याच मनानं म्हणाले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण त्या एका शब्दानं उतरला. तिनं माझा हात दाबला आणि हंडा उचलून गेली. लग्नात ती चांगली हसत होती.

दोन महिने पत्र आलं नाही. मग काका वडिलांकडे आले. वडिलांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जुनी कार्डं काढली. चहा पिऊन व्हायच्या आत काम झालं. त्या नंबरचा माणूस तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गावी गेला होता, जाताना बिल्ला हरवला असं लिहून देऊन. वरातीमागून घोडं. गुजरातेत कंपनीचं कसलंच काम निघालेलं नव्हतं. चौकीवर काकांना मुलीचा फोटो मागितला. फोटो नव्हता. घरात एकच फोटो होता, काकूंच्या तीन पोरांचा. त्यात धाकट्याला धरलेला ताईचा हात कोपरापर्यंत आला होता. काका तोच घेऊन गेले. हवालदारानं तो बघून परत दिला.

त्यानंतर कित्येक दिवस काकू जेवायच्या नाहीत. मी नळावर जायचंच टाळायचे. ताई कधीच सापडली नाही.

तीन-चार वर्षांनी माझं ठरलं. मुलगा त्याच कंपनीत, पर्मनंट. वडिलांनी आधी त्याचं कार्ड बघितलं, मग त्याच्या सुपरवायझरला भेटले, मग रजा टाकून एसटीनं त्याच्या गावी जाऊन आले. त्याच्या आजोबांच्या विहिरीला पाणी किती, इथपर्यंत त्यांना माहीत झालं. माझी चांगली चौकशी झाली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला त्यांचा राग आला आणि त्यापेक्षा माझा जास्त.

हळदीला काकू आल्या. खूप वाळल्या होत्या. त्यांनी माझ्या एका गालाला हळद लावली.

"तुझ्या बापानं समदं बघून दिलं, लई चांगलं केलं बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकरानं तवा येक शब्द जरी काढला असता, की मला शंका येतीया, तर मी दिली नसती गं. पर तिनं तोंडच उघडलं न्हाई. कुनालाच काय बोलली न्हाई."

'माझ्या लेकरानं' म्हणाल्या. ती असताना हे मी कधी ऐकलं नव्हतं.

हळदीची वाटी धरलेली आई खाली बघत होती. एक्केचाळीस त्र्याहत्तर माझ्या जिभेवर होतं. काकूंनी दुसऱ्या गालालाही हळद लावली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी म्हणाले, "हो ना, काकू."