थोरलीचं नाक आणि स्टँडवरचा आवाज

आमच्या थोरल्या सुनेला राग आला की ती आवाज चढवत नाही. भांडी आपटत नाही, दार आपटत नाही. ती एकदम स्पष्ट बोलायला लागते. एकेक शब्द सुटा, वजन करून ठेवल्यासारखा. "तात्या, तुमचा चष्मा, पुन्हा, पाण्याच्या पिंपावर आहे." असं कानावर पडलं की समजायचं, आज समोर येईल ते गुमान जेवून उठायचं. माझी शाळा सातवीपर्यंतच, पण एवढी समज मला आहे.

ती बसस्टँडवर घोषणा करते. अठरा वर्षं झाली. काचेची एक खोली आहे, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढी. त्यात माईक, वेळापत्रकाची कडा कुरतडलेली वही आणि ती. दिवसाला चौसष्ट गाड्या. कोणती गाडी कुठे लागली, कोणती उशिरा येतेय, कोणाचं पोर हरवलंय, कोणाची पिशवी बाकावर राहिलीय, सगळं तिच्या तोंडून गावाला कळतं. फलाटावर पाट्या आहेत, पण पाटी कोण वाचतं? निम्म्यांना दिसत नाही, निम्म्यांना वाचता येत नाही, उरलेले बघत नाहीत. सगळे कान लावून बसलेले.

आणि तिचा आवाज म्हणजे काय सांगू. नाक चिमटीत धरून बोलल्यासारखा. 'फलाट क्रमांक नऊ' हे 'फलाट क्रबांक दऊ' असं यायचं. गावातली पोरं नक्कल करायची. मी स्वतः एकदा स्वयंपाकघरात केली होती आणि त्या दिवशी मला माझा चहा माझा मला करून घ्यावा लागला.

पण ही नक्कल करण्यासारखी गोष्ट नव्हती, हे आम्हाला उशिरा कळलं. अकरा वर्षं तिचं नाक बंद होतं. डोळ्यांखाली, गालांच्या आत ठणका. रात्री भिंतीला टेकून बसून झोपायची, तोंड उघडं, सकाळी जीभ लाकडासारखी. वास तर गेलाच होता. एकदा दूध करपून त्याचा कोळसा झाला, आणि ही शेगडीशेजारी उभी राहून भाजी निवडत होती.

आणि आम्ही सगळे काय म्हणायचो? सर्दी आहे. वाफ घे. कानाला रुमाल बांध. आमची ही, म्हणजे तिची सासू, दर आठवड्याला नवीन पाला उकळायची. माझा थोरला, म्हणजे तिचा नवरा, कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवतो. कुठलंही अडलेलं कुलूप दोन मिनिटांत उघडतो, पण बायकोच्या नाकाबद्दल त्याचं एकच म्हणणं, "हवा बदलली की होतंच असं."

एक दिवस ती जेवता जेवता थांबली. घास आणि श्वास एका वेळी घेता येत नव्हता, कारण दोन्हीला वाट एकच, तोंडाची. तिने ताट सरकवलं.

"सर्दी, अकरा वर्षं, राहत नाही," ती म्हणाली. "अकरा वर्षं भाडेकरू राहतो. उद्या मी नाकाच्या डॉक्टरकडे जाणार आहे. ज्याला यायचं त्याने यावं. ज्याला पाला उकळायचा त्याने उकळावा."

थोरला गेला, मीही गेलो. मला कुठेही जायला आवडतं.

डॉक्टर बाई वयाने लहान, बारीक चणीची. तिने काळा फोटो दिव्यापुढे धरला. "नाकाच्या मधला पडदा असा सरळ हवा," असं म्हणून तिने कागदावर उभी रेघ काढली. "तुमचा असा आहे." आणि तिने जी रेघ काढली ती घाटातल्या रस्त्यासारखी होती. गालांच्या मागच्या पोकळ्या दोन्हीकडे गच्च भरलेल्या. "तुम्ही अर्ध्या नाकपुडीवर जगताय," डॉक्टर म्हणाली. "कसं काय जमवलंत?"

"रागावर," थोरली म्हणाली.

माझ्या मुलाने विचारलं, "गोळ्यांनी नाही का होणार?"

"गोळ्यांनी सूज उतरते. वाकडं हाड सरळ होत नाही. तुम्ही काय काम करता?"

"किल्ल्या बनवतो."

"वाकडी किल्ली गोळी देऊन सरळ होते का?"

मला ही डॉक्टर तिथेच पसंत पडली. थोरलीने मात्र एकच प्रश्न विचारला. "आवाज बदलेल?"

"थोडा मोकळा होईल. पुष्कळांना फरक कळत नाही. पण तुमचं नाक इतकं बंद आहे की तुम्हाला कळेल. ऐकणाऱ्यांनाही कळेल."

घोडं इथे अडलं. दुसऱ्या दिवशी तिने स्टँडच्या साहेबांना रजा मागितली, कारण सांगितलं. साहेब म्हणजे खुर्चीत बसून खुर्चीसारखाच झालेला माणूस. तो म्हणाला, "बाई, लोकांना तुमचा आवाज पाठ आहे. तो बदलला तर माझ्या काय कामाचा? मग तुम्हाला पार्सलच्या खिडकीवर बसावं लागेल."

पार्सलची खिडकी म्हणजे मागच्या बाजूला, शौचालयाशेजारी. दिवसभर पोती मोजायची आणि कोणाशी बोलायचं नाही.

घरी तीन दिवस नुसती धुसफूस. आमची ही म्हणाली, "राहू दे गं. वास नाही तर नाही. आवाजावर तुझी भाकरी आहे. चांगल्या चालत्या नाकाला सुरी कशाला?"

"चालत्या?" थोरली म्हणाली. "आई, तुम्ही दोन बोटांनी नाक धरा. आता जेवा. आता झोपा. आता चौसष्ट गाड्या सांगा. अकरा वर्षं सांगा. मग आपण चालत्या नाकाबद्दल बोलू."

आमच्या हिने खरंच नाक धरून पाहिलं. भाताचे दोन घास खाल्ले आणि बोटं सोडली. त्यानंतर आमच्या घरात पाला उकळला नाही.

रजा मिळाली, पण साहेबाने एक अट घातली. "जाण्याआधी सगळ्या घोषणा मशीनमध्ये भरून ठेवा. तुम्ही नसाल तेवढ्यापुरतं." तीन दुपारी ती त्या काचेच्या खोलीत बसली आणि ठणकत्या डोक्याने चौसष्ट गाड्या बोलून मोकळी झाली. कारखान्याची गाडी फलाट चार, धरणाची गाडी फलाट सात, मोठ्या इस्पितळाची गाडी फलाट दोन. तिला वाटलं, आपण नसताना लोकांची पंचाईत नको. ही चूक तिने अगदी मनापासून केली.

ऑपरेशन झालं. बाहेर आणली तेव्हा दोन्ही नाकपुड्यांत बोळे कोंबलेले, वर पट्टी, डोळे सुजलेले. बोलायला बंदी नव्हती, पण बोलली की घसा सुकायचा, म्हणून तिने वही मागितली. ती वही मी जपून ठेवली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, 'तात्या, घोरू नका. इथे पेशंट मी आहे.' दुसऱ्यावर, 'भेटायला येणाऱ्यांना सांगा, मी मेले नाही, चेहरे सरळ करा.' तिसऱ्यावर फक्त, 'पाणी. पुन्हा पाणी. ग्लास मोठा आणा.'

तिसऱ्या दिवशी बोळे काढले. ती म्हणते, नाकातून कोणी मफलर ओढून काढतंय असं वाटलं, आणि मफलर संपेचना. तिला वाटलं आता मोकळा श्वास येणार. कुठला? आतून सगळं सुजलेलं, खपल्या धरलेलं. पहिल्यापेक्षा बंद. तेव्हा तिला जो राग आला तो मी सांगत नाही. डॉक्टरला, पडद्याला, मला, भिंतीवरच्या घड्याळाला, सगळ्यांना वाटून झाला. डॉक्टर शांतपणे म्हणाली, "वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. मिठाच्या पाण्याने धुवायचं. आणि रागवायला हरकत नाही, फक्त नाक फेंदारू नका."

मग आमच्या घरी मोरीपाशी दिवसातून चार वेळा मिठाचं पाणी. एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर, बरोबर लाल-काळं काय काय. माझा मुलगा भांडं धरून उभा राहायचा, तोंड भिंतीकडे करून. "बघा इकडे," ती म्हणायची. "हवा बदलतेय माझी." तो बघायचा. चौथ्या दिवसापासून तोंड न फिरवता बघायला लागला, आणि पाणी कोमट आहे की नाही हे आपल्या मनगटावर तपासून मग द्यायला लागला.

आठव्या दिवशी डॉक्टरने खपल्या साफ केल्या. बाराव्या दिवशी सकाळी मी तिच्या खाटेजवळून गेलो आणि ती ताडकन उठून बसली.

"तात्या. थांबा. हा तुमच्या कोटाचा वास आहे?"

"असेल."

"किती वर्षं धुतला नाही?"

मी हिशेब करत होतो तेवढ्यात कोट माझ्या अंगातून निघून बादलीत गेलाही. अकरा वर्षांनी नाक उघडलेल्या माणसाला पहिला वास माझ्या कोटाचा यावा, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतका आनंद झाला की मी बनियनवर चौकापर्यंत जाऊन चार जणांना सांगून आलो.

आवाजही बदलला. जेवताना तिने "मीठ द्या" म्हटलं आणि आम्ही तिघांनी दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. गोल, भरलेला आवाज. तिला तो आवडला असावा, कारण त्या दिवशी तिने मीठ तीनदा मागितलं.

विसाव्या दिवशी ती कामावर निघाली. वजन उचलायचं नव्हतं, म्हणून तिची पिशवी घेऊन मी बरोबर. स्टँडच्या फाटकातून आत शिरलो आणि वरच्या भोंग्यातून ती बोलली. म्हणजे ती माझ्या शेजारी उभी होती, तोंड मिटून, आणि वरून तिचा जुना आवाज म्हणत होता, "प्रवाशांदी लक्ष द्यावे."

तिचा चेहरा मी अठरा वर्षं पाहतोय. तो तसा कधी पाहिला नव्हता.

साहेब दारातच भेटला, हसत. "आलात? बरं झालं. मशीन झकास चालतंय. रजा नको, चहा नको, डोकं दुखत नाही. तुम्ही आता पार्सलला बसा. आवाज तर तुमचाच आहे, नाव तुमचंच होतंय, तक्रार कसली?"

ती फलाटांकडे बघत होती. दोन नंबरचा फलाट उकरून ठेवला होता, दोन्ही बाजूंना दोऱ्या. इस्पितळाची गाडी नऊ नंबरवर लागली होती, इंजिन चालू. आणि भोंगा सांगत होता, मोठ्या इस्पितळाची गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. दोरीच्या अलीकडे वीसेक माणसं खड्ड्याकडे तोंड करून उभी होती. आवाजाने सांगितलंय म्हणजे गाडी येणारच. त्यांत जाड चष्म्याची एक म्हातारी होती. आठवड्यातून दोनदा इस्पितळात जाते, थोरलीच्या आवाजावरच गाडी पकडते.

"हे असं किती दिवस चाललंय?" थोरलीने विचारलं. शब्द सुटे झाले होते.

"रस्त्याचं काम आहे बाई. चार-पाच दिवस. लोक विचारून घेतात."

ती काचेच्या खोलीत शिरली. मशीनचं बटण बंद केलं, माईक ओढला. "मोठ्या इस्पितळाची गाडी फलाट क्रमांक नऊवर उभी आहे, दोनवर नाही. दोनजवळच्या प्रवाशांनी नऊवर जावे."

इतकं स्पष्ट त्या स्टँडवर कधी कोणी बोललं नसेल. आणि कोणी हललं नाही. चष्मेवाली म्हातारी शेजारणीला म्हणाली, मी ऐकलं, "ही कोण नवीन? हिला काय माहीत. आपली बाई दोन म्हणाली ना?" तिकडे नऊवर ड्रायव्हरने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली होती.

थोरलीने काचेतून ते पाहिलं. मग हात वर केला आणि दोन बोटांनी आपलं नाक धरलं. विसाव्या दिवशी. डॉक्टरने हात लावू नका सांगितलेलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला बाहेरून दिसलं.

"फलाट क्रबांक दऊ," भोंगा म्हणाला.

माणसं हलली. पिशव्या उचलल्या, म्हातारीला दोघांनी धरलं, ड्रायव्हरने ब्रेक मारला. आणि म्हातारी नऊकडे चालत असतानाच, माईक तसाच चालू ठेवून, थोरलीने बोटं सोडली. "इस्पितळाच्या गाडीने दोन मिनिटं थांबावे. प्रवासी येत आहेत. प्रवाशांनी लक्ष द्यावे. मी तीच आहे. अठरा वर्षं मीच सांगते. नाक बंद होतं, दुरुस्त केलंय. आता असंच ऐकू येईल. सवय करून घ्या."

चार नंबरवरचा कोणीतरी हमाल ओरडला, "आता तुमची नक्कल कशी करायची हो?"

साहेब खोलीच्या दारात येऊन उभा होता. "बाई, मशीनला हात लावायची परवानगी—"

"साहेब," ती खुर्चीत बसत म्हणाली, "त्या मशीनमध्ये माझा आवाज आहे आणि तो पाच दिवस लोकांशी खोटं बोलतोय. म्हातारी माणसं खड्ड्यापाशी उभी केलीत, माझ्या तोंडून. ते आज पुसायचं. माझ्यासमोर. आणि पार्सलच्या खिडकीवर कोणी हवं असेल तर मशीन बसवा. त्याला शौचालयाचा वास येणार नाही. मला आता येतो."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. मी एव्हाना आत शिरून पिशवी टेबलाखाली ठेवण्यात गुंतलो होतो. तो म्हणाला, "आठ दिवस बघू, लोकांची तक्रार आली तर..."

"बघा. आधी पुसा."

त्याने पुसलं. चौसष्ट गाड्या, एकेक करत, आणि प्रत्येक पुसताना ती नाव वाचत होती, एकही सुटू नये म्हणून. तिच्या उजव्या नाकपुडीतून बारीक लाल धार आली. तिने कापूस लावला आणि वाचत राहिली. मग धरणाची गाडी लागली. पूर्वी ती घोषणा तिला तीन तुकड्यांत करावी लागायची, मध्ये दोनदा तोंडाने श्वास ओढून. त्या दिवशी तिने गाडी, फलाट, वेळ आणि वाटेतली सहा गावं एका दमात सांगितली, शेवटच्या गावापर्यंत आवाज जराही न उतरता.

मग माईक बंद करून माझ्याकडे वळली.

"तात्या, उभे, का, राहिलात? जा घरी. आणि डॉक्टरांना यातलं काही सांगितलंत तर बघा."